शबानाचं जादा क्लोरीन

सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडला तर त्या वेळी काही दिसत नाही. पाण्यासारखं असतं ते. दुसऱ्या दिवशी उन्हात हात धरला की तिथं काळा डाग. मग साबण लावा, लिंबू चोळा, दगडानं घासा, आठ-दहा दिवस तो जात नाही. आमच्या लॅबमधले किस्से अगदी असेच आहेत. घडत असतात तेव्हा कुणाला हसू येत नाही, माझं तर डोकंच उठलेलं असतं. महिन्याभरानं डबा खाताना कुणीतरी विषय काढतं आणि सगळे माझ्याकडं बघून हसायला लागतात. सत्तावीस वर्षं झाली मला या कामात. माझे हात बघाल तर कळेल.

काम काय, ते आधी सांगते, नाहीतर मध्येच विचाराल. हैदराबादेत कुकटपल्लीला आमची टेस्टिंग लॅब आहे. औषधांच्या कंपन्या पावडरीच्या बाटल्या पाठवतात, आणि त्यात क्लोरीन किती आहे ते आम्ही मोजून देतो. चिमूटभर पावडरीची फिल्टर पेपरच्या तुकड्यात पुडी बांधायची, ऑक्सिजन भरलेल्या काचेच्या फ्लास्कमध्ये ती जाळायची, धूर तळच्या पाण्यात विरघळू द्यायचा. मग त्यात इंडिकेटर टाकायचा आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडत बसायचं. पिवळट हिरवं असतं ते एकदम गुलाबी होतं. झालं, थांबायचं. याला टायट्रेशन म्हणतात, आणि त्या गुलाबीला एंड पॉइंट. जितकं नायट्रेट गेलं त्यावरून क्लोरीन निघतं. सगळी अक्कल त्या शेवटच्या थेंबात आहे.

निजामाबादला एका लग्नात माझ्या मावससासूबाईंनी विचारलं, "सूनबाई, तू दिवसभर करतेस तरी काय गं तिथं?"

एवढं सगळं कुठं सांगत बसू? मी म्हटलं, "रंग बदलायची वाट बघते."

"आणि बदलला की?"

"भांडं धुते."

त्या शेजारच्या बाईकडं वळून म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखंच."

*

आता माणसं. वेंकटेश्वरलु, म्हणजे आमचे वेंकट गारू, वीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. केदार पुण्याचा, तीन वर्षांपूर्वी तिकडच्या एका लॅबमधून शिकून-सवरून आला. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या मराठी?" मी म्हटलं, "इथल्याच, जामबागच्या. शाळा तिथलीच. काही तकलीफ?" त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

या दोघांचं गुलाबीवरून कधी जमलं नाही. वेंकट गारूंना रंग आल्यावरही खात्री वाटत नाही. फ्लास्क उजेडाला धरणार, तिरका करणार आणि म्हणणार, "इंको चुक्क." अजून एक थेंब. केदारला रंग यायच्या आधीच दिसतो. तो लांबूनच ओरडतो, "आला, आला." एकच पावडर दोघांना दिली तर एकाचं उत्तर खाली, एकाचं वर, आणि मी मध्ये परेशान.

शेवटी मूर्ती सरांनी, म्हणजे आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी, त्यावर इलाज काढला. रंगाच्या दुकानातून भिंतीच्या रंगांचं शेड कार्ड आणलं. त्यातल्या एका गुलाबीवर पेननं गोल केला, कार्ड टायट्रेशनच्या टेबलासमोर चिकटवलं आणि म्हणाले, "धिस इज अवर पिंक." त्या शेडचं नाव होतं 'नवरीचा गाल'. दोन महिने आमच्या वह्यांमध्ये काय लिहिलंय माहितीये? "एंड पॉइंट नवरीचा गाल आला, थांबलो." सही, तारीख, वेळ.

मग तपासणीला एक बाई आल्या. चष्मा नाकावर खाली ओढून त्या कार्डाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट?"

मूर्ती सर म्हणाले, "मॅडम, हे नुसतं पेंटचं कार्ड आहे."

बाईंनी शांतपणे लिहून घेतलं. रिपोर्टमध्ये पहिलाच मुद्दा होता: 'प्रयोगशाळा मोजमापासाठी भिंत वापरते.'

*

चूक झाली की आमच्याकडं एक शिक्षा आहे. शिक्षा म्हणजे नियमच, आणि तो मी केलेला. ज्याची चूक, त्यानं चार वाजता चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहून कामाची पद्धत मोठ्यानं वाचायची. पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत. ती पद्धत लिहिलेली पण मीच आहे, त्यामुळं कोण कुठं घसरलं ते मला पाठ असतं. वाचणारा नेमका त्या ओळीवर आला की मी कपातून मान वर न करता म्हणते, "ती ओळ परत वाच." तो वाचतो. "परत." तो वाचतो. चार-पाच वेळा झालं की जन्मात विसरत नाही.

लॅबमध्ये मराठी मी आणि केदार सोडून कुणाला येत नाही. पण हे एक वाक्य सगळ्यांना येतं. वेंकट गारू आपल्या मुलीचा अभ्यास घेतानाही तेच म्हणतात म्हणे, पुढचं सगळं तेलुगू.

केदारचा किस्सा यातलाच. पुडीला कागदाची एक शेपटी ठेवलेली असते. ती पेटवायची आणि त्याच क्षणी पुडी फ्लास्कमध्ये घालून झाकण दाबायचं, थांबायचं नाही. आमच्याकडं पहिल्यांदा करताना केदारनं शेपटी पेटवली, जळती पुडी चिमट्यात धरली, माझ्याकडं वळला आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, घालू ना आता?"

मी 'अरे' म्हणेपर्यंत पुडीची राख खाली. पावडर गेली, कागद गेला, त्याच्या कोटाची बाही थोडी गेली.

चार वाजता तो वाचायला उभा राहिला. 'शेपटी पेटताच क्षणाचाही विलंब न करता.' ती ओळ मी पाच वेळा वाचायला लावली. पाचव्यांदा वाचून तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या वेळात अजून तीन जळाल्या असत्या."

*

आणि मग आली शबाना.

शबाना मलकपेटची. दिलसुखनगरला कोचिंग सेंटरमध्ये केमिस्ट्री शिकवायची, ते सोडून आमच्याकडं आली, सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. पक्कं व्हायचं तर टायट्रेशनची परीक्षा पास व्हावी लागते. ज्याचं क्लोरीन आधीच माहीत आहे अशी पावडर द्यायची, सहा वेळा मोजायला सांगायचं, सहाही उत्तरं बरोबर यायला हवीत. तीन संधी. तिन्ही हुकल्या तर कॉन्ट्रॅक्ट संपलं, घरी जायचं. पोरीनं जुनी नोकरी सोडलेली, तिथं दुसरा कुणी लागलाही होता. मेट्रोमध्ये आम्ही एकाच गाडीनं येतो-जातो, तेव्हा एकदा म्हणाली, "मैडम, घरपे मैं बोल दी की पक्का हो गया बोलके." मी तिच्यावर चिडलेच. व्हायच्या आधी कशाला सांगायचं? पण चिडून काय होतं, सांगून तर बसली होती.

सात-आठ वर्षांत आमच्याकडं इतकं नवं माणूस आलं नव्हतं. नव्याला ती पुडीची कागदं कापायला आणि घड्या घालायला जमत नाहीत. घडी सैल झाली की पावडर सांडते. म्हणून माझी रीत आहे, नव्या माणसाला पहिले काही महिने घड्या घातलेली कागदं मी द्यायची. वेंकट गारू आणि केदार आपापली करतात. गुडघे दुखायला लागल्यापासून माझा चारचा चहा केबिनमध्येच येतो, बरोबर दोन उस्मानिया बिस्किटं. कुणाचं वाचन नसेल त्या दिवशी चहा घेत घेत मी दहा-बारा घड्या घालून ठेवते, माझ्या आईनं विड्याची पानं दुमडावीत तशा. शबाना म्हणायची, "मैडम, आपके हाथ की घडी देखो, एकदम मशीन."

अजून एक रीत. रोज सकाळी एक रिकामा कागद पावडरीशिवाय जाळून बघायचा. कागदात आणि पाण्यात स्वतःचं थोडं क्लोरीन असतं, ते किती ते त्यातून कळतं. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. मग प्रत्येक उत्तरातून ते वजा करायचं. माझा नियम असा की दिवसाला ब्लँक एकच. तो वेंकट गारूंनी करायचा आणि सगळ्यांनी तोच वापरायचा. प्रत्येकानं आपापला करत बसलं तर दुपारपर्यंत काम सुरूच होणार नाही.

तर पहिली संधी. शबानाची सहा उत्तरं आली. एकमेकांच्या इतकी जवळ की मी बघतच राहिले. वेंकट गारूंना वीस वर्षांत असं जमलेलं नाही. पण सहाच्या सहा वर, जितकं क्लोरीन असायला हवं त्यापेक्षा जास्त.

मूर्ती सर कागद बघून म्हणाले, "व्हेरी गुड. सातत्यानं चूक."

मी चौकशीचा फॉर्म भरला. मूळ कारण: 'विश्लेषकाची चूक, एंड पॉइंटच्या पुढे जाते.' खाली सही केली. शबाना एवढंच म्हणाली, "मैडम, मैं एक चुक्क भी जास्ती नै डाली."

मी म्हटलं, "मग क्लोरीन काय आकाशातून पडलं?"

चार वाजता वाचायला उभी केली. 'रंग बदलताच थांबावे.' "ती ओळ परत वाच." इंग्रजीतली ओळ तिनं सहा वेळा वाचली, आवाज न चढवता.

*

मग शोध सुरू झाला. मी ठरवलं, पाणी असेल. हैदराबादचं पाणी, काय भरवसा? बोअरचं असो, टँकरचं असो, किटलीच्या तळाशी पांढरा थर. आमचं पाणी मशीनमधून शुद्ध होऊन येतं, तरी मी अर्धा दिवस घालवून ते तपासलं. निर्दोष.

मग म्हटलं, हात असतील. घामात मीठ असतं, मिठात क्लोरीन असतं. "क्रीम लावतेस?" "नै मैडम." "अत्तर?" "लॅब को आते वखत नै." "डब्यात काय आणलंयस?" "चपाती, टमाटे की चटनी, निंबू का अचार."

सापडलं, म्हटलं. लोणचं. बोटं चाटून हीच पोरगी कागदाला हात लावणार. मी नुसतं तिचंच नाही, सगळ्या टेबलाचं लोणचं बंद केलं. आठ दिवस. नोटीस लावली, खाली माझी सही.

वेंकट गारू माझ्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, आवकाय लेदु अंटे अन्नं ओद्दु." आवकाय नसेल तर मला जेवणच नको. आंब्याचं ते तिखटजाळ लोणचं म्हणजे त्यांचा जीव. मी म्हटलं, "हातानं खायचं नाही, एवढंच. बाकी मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मूर्ती सर कॅन्टीनमध्ये आले. वेंकट गारू लॅबचे निळे ग्लोव्हज घालून आवकाय-भात कालवत होते. अंगठ्यापर्यंत लाल. बाजूला केदार चिमट्यानं पापड खात होता.

सरांनी आधी ग्लोव्हज बघितले, मग चिमटा. मग मला म्हणाले, "हीपण टेस्टच आहे का?"

*

लोणचं बंद असतानाच दुसरी संधी झाली. पुन्हा सहा उत्तरं, पुन्हा जुळ्या बहिणींसारखी, पुन्हा वर. मी पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा 'विश्लेषकाची चूक', पुन्हा सही. शबाना त्या दिवशी मेट्रोमध्ये वही उघडून आपले आकडेच बघत बसली. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, की एवढी हुशार पोरगी, एक थेंब कसा आवरता येत नाही हिला?

मग माझ्या डोक्यात आलं, डोळे. हिला गुलाबी उशिरा दिसत असेल. शनिवारी मीच तिला घेऊन दिलसुखनगरच्या चष्म्याच्या डॉक्टरकडं गेले. ते म्हातारे डॉक्टर माझ्या ओळखीचे. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं, ज्यात ठिपक्यांमध्ये आकडे लपलेले असतात. शबानानं सगळी पानं धडाधड वाचली. एका पानावर डॉक्टर म्हणाले, "बस बेटा, इसमें कुछ नै है." ती म्हणाली, "हौ, नै है, वोइच बोल रही मैं."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "इनकी आंखां फस्ट क्लास हैं. आपका नंबर कब निकाले थे, अम्मा?"

मी म्हटलं, "माझं काय मध्येच?"

त्यांनी मला खुर्चीत बसवलंच. दोन्ही डोळ्यांचा नंबर वाढलेला. शबानाला तपासायला नेलं आणि नवा चष्मा मी घेऊन आले.

*

महिना आणि शबानाचं कॉन्ट्रॅक्ट संपायला पाच दिवस. मूर्ती सरांनी मला बोलावून सांगितलं, "दोन फेल फाइलमध्ये आहेत. तिसरी जमली तरी वरचे लोक विचारतील, दोन वेळा विश्लेषकाची चूक आहे, हिला पक्कं कशाला करायचं? आणि नाही जमली तर विषयच संपला." मी तणतणत बाहेर आले. कुणावर चिडू ते कळत नव्हतं, म्हणून केदारच्या टेबलावरची बाटली उगाच सरळ केली.

शबाना माझी वाट बघत उभी होती. "मैडम, मेरेकू एक बार मेरा ब्लँक करने देव."

मी म्हटलं, "ब्लँक वेंकट गारू करतात. दिवसाला एक. नियम आहे."

"मालूम है मैडम. एकीच बार."

"अगं पण कशाला?"

"पानी देख लिए, हाथां देख लिए, आंखां देख लिए, अचार भी देख लिए." ती बोटं मोजत होती. "मेरे कागजां का ब्लँक कोई नै देखे."

आता सांगते, त्या क्षणीसुद्धा मला काही कळलं नाही. मी वैतागून म्हटलं, "कर बाई, कर. एकदाचं मनाचं समाधान करून घे."

तिनं आपल्या कागदांच्या डब्यातून घडी घातलेला एक कागद घेतला. रिकामा. जाळला, धूर विरू दिला, ब्युरेट लावलं. रिकाम्या कागदाला एक-दोन थेंबांतच गुलाबी यायला हवं. वेंकट गारू शेजारी येऊन उभे राहिले. थेंब पडले, हिरवंच. अजून पडले, हिरवंच. वेंकट गारू तोंडानं 'इंको चुक्क, इंको चुक्क' म्हणत होते, आणि या वेळी ते खरंच होतं. मग गुलाबी आलं.

तिनं वहीत लिहिलं. मग वेंकट गारूंच्या डब्यातला एक कागद मागून घेतला, तोही रिकामा जाळला. दोन थेंब, गुलाबी.

शबानानं पहिल्या डब्यातला अजून एक कागद चिमट्यानं उचलला, काळ्या टाइलवर ठेवला आणि हळूच घडी उलगडली. मी नवा चष्मा नीट केला आणि वाकून बघितलं. घडीच्या आत बारीक बारीक पिवळसर कण होते. एक जरा मोठा होता. त्याला बिस्किटाचीच नक्षी होती.

उस्मानिया बिस्किट तोंडात टाकलं की आधी गोड लागतं आणि मागून खारट. सगळ्या हैदराबादला ते माहीत आहे. मला पण.

केदारनं माझ्या केबिनकडं बघितलं. टेबलावर कप होता आणि बशीत अर्धं बिस्किट. मग तो घाईघाईनं खिडकीबाहेर बघायला लागला.

*

दुसऱ्या दिवशी शबानानं स्वतः कागद कापले, स्वतः चिमट्यानं घड्या घातल्या, स्वतःचा ब्लँक केला, आणि तिसऱ्यांदा परीक्षा दिली. सहाच्या सहा बरोबर. वेंकट गारूंनी सहावा फ्लास्क उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले, "रंगु बागुंदी, अम्मा." रंग छान आलाय. त्यांच्याकडून हे मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

राहिला फॉर्म. आधीच्या दोन फेलचं कारण बदलायचं तर नवं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'कागद दूषित होते.' मूर्ती सरांनी वाचलं आणि परत माझ्यापुढं सरकवलं. "दूषित कसे झाले? कागद शबानाच वापरत होती ना? असं लिहिलं तर वरचे लोक म्हणतील, तिनंच खराब केले."

खरं सांगते, मी पेन दोनदा उचललं आणि दोनदा ठेवलं. सत्तावीस वर्षांत त्या रकान्यात मी सगळ्यांची नावं लिहिली आहेत, केदारचं, वेंकट गारूंचं, नोकरी सोडून गेलेल्यांचीसुद्धा. माझं कधी लिहिलं नव्हतं. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता, त्या बिस्किटाचा, गुडघ्यांचा, स्वतःचा. मी पोरीला सहा वेळा वाचायला लावलं होतं. तिच्या डब्यातलं लोणचं बंद केलं होतं, आणि इकडं केबिनमध्ये बसून स्वतः खात होते.

मग मी लिहिलं. 'कागद सूर्यवंशी मॅडम यांनी चहा-बिस्किट घेताना उघड्या हातानं हाताळले. विश्लेषकाची चूक नाही. आधीच्या दोन्ही नोंदी चुकीच्या.' दोन्ही जुन्या नोंदींवर रेघ मारली आणि प्रत्येक रेघेपाशी सही केली.

मूर्ती सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सही केली.

महिनाअखेरीला शबानाला पक्कं झाल्याचं पत्र मिळालं. मेट्रोमध्ये तिनं ते मला दोनदा काढून दाखवलं. मग तिसऱ्यांदा काढलं आणि स्वतःच वाचत बसली.

*

सोमवारी चार वाजता केबिनमध्ये चहा आला. बशीत बिस्किटं नव्हती, मीच नको म्हणून सांगितलं होतं. मी कप हातात घेतला आणि बघते तर वेंकट गारू, केदार आणि शबाना लॅबबाहेरच्या चहाच्या टेबलाभोवती येऊन बसलेले. टेबलावर पद्धतीची फाइल उघडून ठेवलेली. कुणी मला बोलावलं नाही. नुसतेच बसले होते.

नियम माझाच. कप तिथंच ठेवला, बाहेर गेले, फाइल उचलली आणि उभी राहिले. केदारनं खुर्ची पुढं केली, मी म्हटलं, "नक्को, उभ्यानंच वाचतात."

पहिली पायरी वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली, 'वजन करताना काटा स्थिर आहे याची खात्री करावी.' सगळे आपापल्या कपात बघत होते. वेंकट गारू चहा फुंकत होते, गार झाला होता तरी.

चौथी पायरी. 'घडी घातलेला कागद उघड्या हातानं हाताळू नये. चिमटा वापरावा. कागदाजवळ खाद्यपदार्थ नेऊ नयेत.' ही ओळ मी स्वतः लिहिली होती, अकरा वर्षांपूर्वी, आणि त्या वेळी टायपिंग करणाऱ्या बाईशी भांडून ती ठळक अक्षरात करून घेतली होती. ती मी जरा भरभर वाचली, श्वास न घेता पुढं गेले आणि पाचवी पायरी सुरू केली.

शबाना माझ्यासमोरच बसली होती. तिनं कपातून मान वर केली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "ती ओळ परत वाच."